नामाचे प्रकार : पाठ करण्याचे आणि वापरण्याचे

पाचवी ते आठवीच्या कोणत्याही मुलाची इंग्रजी व्याकरणाची वही उघडा. पहिल्या काही पानांत एक तक्ता सापडतोच : कॉमन नाउन, प्रॉपर नाउन, कलेक्टिव्ह नाउन, मटेरिअल नाउन, ॲब्स्ट्रॅक्ट नाउन. प्रत्येकासमोर एका ओळीची व्याख्या आणि चार उदाहरणे. काही वह्यांत चार प्रकार, काहींत पाच, काहींत काउंटेबल आणि अनकाउंटेबल धरून सात. मुले तो पाठ करतात, परीक्षेत शब्दासमोर प्रकार लिहून गुण मिळवतात. तेच मूल निबंधात ‘माय फादर गेव्ह मी मेनी ॲडव्हाइसेस’ असे लिहिते. तक्ता पाठ आणि वाक्य चुकीचे, ही स्थिती महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत इतकी सरसकट आहे की प्रश्न मुलांच्या हुशारीचा नाही हे उघड आहे. प्रश्न तक्त्याचा आहे. तो आला कुठून, त्यातले काय आज कामाचे आहे आणि काय केवळ सवयीने चालू आहे, हे एकदा नीट पाहायला हवे.

विशेषनाम आणि सामान्यनाम हा भेद फार जुना. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या डायोनिसिअस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात तो आहे. चौथ्या शतकातल्या रोमन दोनातुसने तो लॅटिनमध्ये रूढ केला, आणि युरोपातल्या शाळांनी हजारभर वर्षे तोच घोकला. इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकरचे, 1586 चे. तेही लॅटिनच्याच साच्यातले. 1795 मध्ये यॉर्कमधल्या मुलींच्या शाळेसाठी लिंडली मरेने लिहिलेले व्याकरण पुढे जगभर चालले. त्यातही नामाचे मुख्य प्रकार दोनच : प्रॉपर आणि कॉमन.

मग पाच कुठून आले? आपल्याकडे पाचांची यादी रुजवण्याचे मोठे श्रेय जे. सी. नेसफील्ड यांना जाते. ते भारतातल्या शिक्षणखात्यात अधिकारी होते. 1890 च्या दशकापासून त्यांची व्याकरणाची पुस्तके भारतातल्या शाळाशाळांत पोचली, आणि त्यांत विशेष, सामान्य, समूहवाचक, पदार्थवाचक व भाववाचक असे पाच वर्ग मांडलेले होते. पुढे 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड पुस्तक आले. यातले पी. सी. रेन म्हणजे ‘ब्यू जेस्ट’ या कादंबरीचे लेखक; मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि कराचीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. या पुस्तकात समूहवाचक आणि भाववाचक नामे सामान्यनामाच्या पोटातच धरली आहेत. मराठी व्याकरण शिकलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल, कारण आपल्याकडेही सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम असे तीन प्रकार सांगून समूहवाचक आणि पदार्थवाचक नामे सामान्यनामात घालतात. 1836 च्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या व्याकरणापासून मराठी व्याकरणलेखनाने इंग्रजीचा साचा बऱ्याच अंशी समोर ठेवला होता, म्हणून हे साम्य नवलाचे नाही.

आपल्या संस्कृत परंपरेने हाच प्रश्न दोन वेगळ्या बाजूंनी हाताळला होता, आणि आजच्या वर्गासाठी तो तपशील मला मोलाचा वाटतो. पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांची जात, गुण, क्रिया आणि यदृच्छा अशी चार मुळे सांगितली आहेत. ‘गाय’ हा जातिवाचक, आणि माणसाला केवळ ठेवलेले नाव हा यदृच्छाशब्द. ही अर्थाच्या अंगाने केलेली वाटणी. पाणिनीने मात्र पद ओळखण्याची खूण अर्थात ठेवलीच नाही. ज्याला विभक्तीचे सुप् प्रत्यय लागतात ते एका गटात, ज्याला क्रियापदाचे तिङ् प्रत्यय लागतात ते दुसऱ्या गटात. शब्द कशाचे नाव आहे हे विचारण्याआधी शब्द वाक्यात काय स्वीकारतो हे पाहायचे. इंग्रजी नामांबाबत विसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी हीच दिशा धरली, आणि आपली शालेय पुस्तके तिथवर अजून अर्ध्यानेच पोचली आहेत.

या बदलात डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांचा वाटा मोठा. मोजता येणारी नामे आणि राशीवाचक नामे हा भेद त्यांनी ठळकपणे मांडला. 1924 च्या त्यांच्या ‘फिलॉसफी ऑफ ग्रामर’मध्ये त्याची सविस्तर चर्चा आहे. पण वर्गात तो भेद पोचवला तो शब्दकोशाने. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांना रोज दिसत होते की परक्या मुलाला नामाचा अर्थ सांगून भागत नाही. त्याच्याआधी ‘अ’ लावायचा की नाही, त्याचे अनेकवचन होते की नाही, हे सांगावे लागते. त्यांनी व सहकाऱ्यांनी केलेला शब्दकोश 1942 मध्ये टोकियोत निघाला. त्यात नामांपुढे सी आणि यू ही अक्षरे छापली : सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल. हाच कोश 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला आणि पुढे विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश झाला. 1985 च्या, सतराशेहून अधिक पानांच्या, क्वर्क आदी व्याकरणकारांच्या इंग्रजी व्याकरणात तर नामांची मुख्य वाटणी अशीच आहे : आधी विशेष आणि सामान्य, मग सामान्याचे गणनीय आणि अगणनीय. मूर्त-अमूर्त हा भेद त्याखाली येतो, आणि पदार्थवाचक हा स्वतंत्र वर्गच उरत नाही.

माझे मत या मांडणीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मराठी मुलांच्या चुकांमध्येच सापडते.

विशेषनामापासून सुरुवात करू. व्याख्या सोपी, पण देवनागरीत मोठे अक्षर आणि छोटे अक्षर असा भेद नाही, त्यामुळे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढण्याची सवय मुलांच्या हाताला मुळातच नसते. ‘पुणे’ मोठ्या अक्षराने हे पटकन कळते. अडते ते पुढे. वारांची आणि महिन्यांची नावे मोठ्या अक्षराने, पण ‘समर’ आणि ‘विंटर’ छोट्या अक्षराने. ‘मराठी’, ‘इंग्लिश’ हे विषय मोठ्या अक्षराने, पण ‘मॅथेमॅटिक्स’ आणि ‘हिस्टरी’ छोट्या. कारण पहिली दोन भाषांची नावे आहेत. ‘माय मदर’ लिहिताना छोटे एम, आणि आईला हाक मारल्यासारखे ‘मदर’ हेच तिचे नाव म्हणून वापरले तर मोठे. सेमी इंग्रजीच्या मुलांना विज्ञानात आणखी एक गंमत भेटते : शास्त्रज्ञ न्यूटन मोठ्या अक्षराने, बलाचे एकक न्यूटन छोट्या अक्षराने, आणि त्या एककाचे चिन्ह पुन्हा मोठे एन. एकाच शब्दाने विशेषनामातून सामान्यनामात उडी घेतलेली इथे डोळ्यांना दिसते. विज्ञानाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी हे उदाहरण मिळून वापरावे.

अशी उडी मराठीतही आहे. ‘आमच्या वर्गात तीन पाटील आहेत’ या वाक्यातले पाटील हे आपले व्याकरण सामान्यनाम मानते, कारण विशेषनामाचे अनेकवचन होत नाही. इंग्रजीत ‘देअर आर थ्री पाटील्स इन अवर क्लास’ म्हणताना मोठे अक्षर मात्र राहते. ‘ही इज द तेंडुलकर ऑफ अवर स्कूल’ या वाक्यात एरवी नावाला न लागणारा ‘द’ लागतो. विशेषनामाबाबतचा खरा अवघड भाग हाच, ‘द’ कधी लावायचा. पुण्याला नाही, पण गोदावरीला लावायचा. कळसूबाई या एका शिखराला नाही, पण सह्याद्रीच्या रांगेला लावायचा. लोणार सरोवराला नाही, अरबी समुद्राला लावायचा. आपल्याच भूगोलातली नावे घेऊन हा धडा एका तासात होतो. तो बहुतेक पुस्तकांत नामाच्या प्रकरणात नसून आर्टिकल्सच्या प्रकरणात, पन्नास पानांनंतर येतो, आणि तोवर संबंध तुटलेला असतो.

आता गणनीय-अगणनीय. इथे थांबायलाच हवे, कारण वर्षानुवर्षे होणाऱ्या निम्म्या चुका या एका दरवाजातून येतात असे मला वाटते.

‘मोजता येते ते काउंटेबल’ ही व्याख्या मुलाला सांगितली की चौकस मूल लगेच विचारते : पैसे मोजता येतात, मग ‘मनी’ अनकाउंटेबल कसे? प्रश्न अगदी रास्त आहे आणि व्याख्या तिथे हरते. मोजायची ती वस्तू नव्हे, तर शब्द. आपण रुपये मोजतो, नोटा मोजतो. इंग्रजीत ‘टेन रुपीज’ होते, ‘टेन मनीज’ होत नाही. वस्तू तीच, पण एक शब्द आकडा स्वीकारतो आणि दुसरा नाही. म्हणून मुलाला व्याख्या देण्यापेक्षा तीन कसोट्या द्याव्यात. शब्दाआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ चालतो का? शब्दाला अनेकवचनाचा एस लागतो का? ‘मेनी’ चालते की ‘मच’? या कसोट्या लावायला अर्थाचे तत्त्वज्ञान लागत नाही.

मराठी मुलाची अडचण कुठे कुठे आहे ते पाहा. आपल्याकडे ‘किती’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो : किती पाणी, किती मुले. ‘थोडे’ही तसेच. इंग्रजीत मात्र ‘हाउ मच’ आणि ‘हाउ मेनी’, ‘लिटल’ आणि ‘फ्यू’ अशी फाळणी आहे, आणि ती नामाच्या प्रकारावरच ठरते. ‘अ’ हे आर्टिकल मराठीत नाही. ‘एक बातमी सांगतो’ म्हणणारे मूल सहज ‘अ न्यूज’ लिहिते. बातम्या मोजता येतात, पण इंग्रजी ‘न्यूज’ शेवटी एस असूनही एकवचनी आणि अगणनीय आहे. सल्ले, गृहपाठ, पाव, साबण हे सारे मराठीत बेधडक मोजले जातात. म्हणून ‘ॲडव्हाइसेस’, ‘होमवर्क्स’, ‘टू ब्रेड्स’, ‘टू सोप्स’. केस आपल्याकडे नेहमी अनेकवचनी, ‘माझे केस गळतात’. म्हणून ‘माय हेअर्स’. खरे तर सुट्या एकेका केसाला ‘अ हेअर’ म्हणता येते, पण डोक्यावरच्या सगळ्या केसांना ‘हेअर’ एकवचनीच.

धान्यांच्या बाबतीत तर दोन्ही भाषा आपापल्या मर्जीने वागतात. मराठीत तांदूळ, गहू, पोहे, चणे अनेकवचनी : तांदूळ संपले, गहू निवडले. ज्वारी, बाजरी, डाळ एकवचनी. इंग्रजीत ‘राइस’ आणि ‘व्हीट’ अगणनीय एकवचनी, पण ‘ओट्स’ अनेकवचनी. गव्हाच्या आणि ओटच्या दाण्यात असा कोणता फरक आहे? काहीच नाही. वस्तूकडे पाहून प्रकार ठरत नाही याचा याहून स्वच्छ पुरावा वर्गात देता येणार नाही.

सगळ्या चुकांचे खापर मराठीवर फोडणेही बरोबर नाही. ‘माहिती’ आणि ‘सामान’ आपणही मोजत नाही. ‘माहित्या’ असे कोणी म्हणत नाही. तरी मुले ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘लगेजेस’ लिहितात. इथे मराठी आड येत नाही, उलट मदतीला उभी आहे; फक्त शिक्षकाने तिला बोलवायला हवे. मुलाला विचारावे, माहितीचे अनेकवचन कर पाहू. ते थबकते, आणि तिथेच धडा शिकून होतो. उलट दिशेची चूकही आहे : ‘फाइव्ह पेन’, ‘टू बॉल’. एक दगड-दोन दगड, एक उंदीर-चार उंदीर, पाच पेन, दोन बॉल असे मराठीत रूप न बदलता चालते, म्हणून आकडा आला की एस लावायचा राहतो.

अगणनीय शब्द मोजायचा झालाच तर मध्ये एखादे मापाचे किंवा तुकड्याचे नाम घ्यावे लागते : ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘अ लोफ ऑफ ब्रेड’, ‘अ बार ऑफ सोप’, ‘अ ग्रेन ऑफ राइस’. साबणाची वडी, मिठाचा खडा, गुळाची ढेप, कापडाचा तागा, भाताचे शीत हे आपल्याकडे घरोघरी आहेत. मराठी मूल या युक्तीला अनोळखी नाही. तिचे इंग्रजी रूप फक्त शिकायचे आहे.

पदार्थवाचक नामाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सोने, लोखंड, दूध, कापूस यांचा वेगळा वर्ग केल्याने वाक्यात एकही नवा नियम लागत नाही. जे नियम अगणनीयाचे तेच यांचे. मला हा कप्पा शालेय तक्त्यातून काढून टाकावा असे वाटते. त्याऐवजी मुलांना शब्दांच्या जोड्या दाखवाव्यात : ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला, ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री, ‘पेपर’ म्हणजे कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका, ‘चिकन’ म्हणजे कोंबडीचे मांस, ‘अ चिकन’ म्हणजे जिवंत कोंबडी. एका छोट्या ‘अ’ने अर्थ कुठून कुठे जातो! म्हणूनच परीक्षेत नुसता ‘ग्लास’ हा सुटा शब्द देऊन प्रकार विचारणे अन्याय्य आहे. वाक्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

समूहवाचक नामांचा धडा मुलांना आवडतो, आणि तो आवडावाही. सिंहांचा ‘प्राइड’, कावळ्यांचा ‘मर्डर’ अशा शब्दांची परंपरा इंग्लंडमधल्या शिकारी लोकांची आहे. 1486 च्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मध्ये त्यांची लांबलचक यादी छापलेली आहे. पण आजचा इंग्रज ती बोलण्यात क्वचितच वापरतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या याद्यांना मिळणारी जागा त्यांच्या उपयोगाच्या मानाने फार आहे. समूहदर्शक शब्दांत मराठी मूल आधीच श्रीमंत असते. इंग्रजी ‘बंच’ एकटाच जिथे काम करतो तिथे आपण द्राक्षांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा लोंगर, फुलांचा गुच्छ असे निवडून बोलतो. भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, नाण्यांची चळत, आंब्यांची राई. म्हणून मुलाला नव्या याद्यांपेक्षा व्याकरणाचा एक मुद्दा जास्त हवा : समूहाच्या नावापुढे क्रियापद एकवचनी की अनेकवचनी? ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’ यांना शालेय लेखनात एकवचनी क्रियापद ठेवावे. अमेरिकेत तीच रीत आहे. ब्रिटनमध्ये समूहातली माणसे सुटी सुटी मनात असतील तर ‘द टीम आर’ असेही म्हणतात, त्यामुळे क्रिकेटच्या समालोचनात ‘इंडिया आर’ ऐकलेल्या मुलाची चूक काढू नये. ‘पोलीस’, ‘पीपल’ आणि ‘कॅटल’ मात्र कायम अनेकवचनी. ‘कॅटल’साठी आपला ‘गुरे’ हा शब्द अगदी तसाच, अनेकवचनातच राहणारा आहे.

एकवचन-अनेकवचनाचे आणखी काही अवघड शब्द आहेत. कात्री, चष्मा आणि विजार आपल्याकडे एकवचनी, तर ‘सिझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’, ‘ट्राउझर्स’ अनेकवचनी. ‘मॅथेमॅटिक्स’ एस असूनही एकवचनी. हे शब्द थोडे आहेत आणि वापरानेच अंगवळणी पडतात.

भाववाचक नामाची ‘जे दिसत नाही, हाताला लागत नाही’ ही व्याख्या मुले आवडीने म्हणतात. मग हवा? ती दिसत नाही, तरी भाववाचक नाही. सावली दिसते, हाती लागत नाही. व्याख्येशी असे झगडत बसण्यात वेळ जातो. त्याहून मोठा घोटाळा असा की बरीच मुले भाववाचक म्हणजे अगणनीय असे धरून चालतात. ‘आयडिया’, ‘प्रॉब्लेम’, ‘ड्रीम’ ही भाववाचक आहेत आणि सर्रास मोजली जातात. ‘फर्निचर’ हाताला लागते आणि मोजले जात नाही. हे दोन भेद एकमेकांना छेदून जातात, एकाच रांगेत बसत नाहीत. पाचांच्या तक्त्याचा खरा दोष इथे आहे : वेगवेगळ्या कसोट्यांवर पडलेले वर्ग त्यात एकाखाली एक लिहिले जातात आणि मुलाला वाटते की एका शब्दाला एकच घर.

भाववाचकाची खरी मजा शब्द घडवण्यात आहे. ‘काइंड’पासून ‘काइंडनेस’, ‘एबल’पासून ‘अबिलिटी’, ‘फ्रेंड’पासून ‘फ्रेंडशिप’, ‘चाइल्ड’पासून ‘चाइल्डहुड’, ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’. मराठीत शहाणपण, नम्रता, मनुष्यत्व, गांभीर्य, गोडवा, पाटीलकी. इंग्रजीचा ‘नेस’ हा तिचा घरचा प्रत्यय, ‘इटी’ लॅटिन-फ्रेंचमधून आलेला. आपला ‘पणा’ घरचा आणि ‘ता’, ‘त्व’ संस्कृतातून आलेले. सातवीच्या मुलाला हे साम्य दाखवले तर तो दोन्ही भाषांत शब्द घडवू लागतो. इथे भरपूर वेळ द्यावा.

2000 पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पाचवीत येणारे मूल चार वर्षे इंग्रजी ऐकून आलेले असते. त्याला पाच व्याख्यांनी सुरुवात करण्याची गरज उरलेली नाही. पाचवीत विशेषनाम आणि मोठे अक्षर पुरेसे आहे. सहावीत पूर्ण भर गणनीय-अगणनीयावर, ‘अ’, ‘मच’, ‘मेनी’, ‘लिटल’, ‘फ्यू’ यांच्यासकट. सातवीत भाववाचक नामे घडवणे आणि समूहवाचकांचे क्रियापद. आठवीत एकच शब्द वाक्यागणिक प्रकार कसा बदलतो ते. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि शिष्यवृत्तीचे प्रश्न काढणाऱ्यांनी सुट्या शब्दाचा प्रकार विचारणे थांबवून वाक्यातल्या शब्दाचा प्रकार विचारावा. तेवढ्याने वर्गातले शिकवणे बदलेल. आणि पालकांनी गाइडच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठीचा एक चांगला इंग्रजी शब्दकोश घरात आणावा. कोणतेही नवे नाम भेटले की त्याच्यापुढे सी छापले आहे की यू, हे मुलाला आधी पाहायला सांगावे आणि अर्थ त्यानंतर वाचायला लावावा.